सलूनवाल्याचे केस

मार्च महिन्यात भवानी पेठेतल्या सिदूच्या सलूनमधून एक ट्रिमर नाहीसा झाला. नवा होता, चार्जिंगला लावलेला होता, आणि दुपारी दोन ते चारच्या दरम्यान कधीतरी गेला. त्या वेळात येऊन गेलेली सात माणसं सिदूनं मनातल्या मनात एकेक करून तपासली. त्यातली पाच तर दहा-दहा वर्षांची गिऱ्हाइकं होती, तरी त्यानं कुणालाच सोडलं नाही. स्वभावच तसा. दूधवाला दूध घालून गेला की हा पातेलं तिरकं करून बघणार. मेव्हण्यानं लग्नाची पत्रिका आणून दिली तर ती सगळ्यांना वाटून झाल्यावरच आपल्याकडं का आली, याचा दोन दिवस विचार करणार. ट्रिमर काही सापडला नाही. शेवटी त्यानं कपाटाच्या वर, छताला लागून, एक छोटा कॅमेरा बसवून घेतला. त्याचं चित्र मोबाइलवर दिसायचं.

पहिल्याच दिवशी जेवायला घरी गेल्यावर त्यानं ताट बाजूला सारून मोबाइलवर सकाळचं रेकॉर्डिंग उघडलं. खुर्चीत शाळेतले मास्तर बसलेले दिसले. त्यांच्या मागं एक माणूस उभा होता. वरून त्याची टाळू दिसत होती. केस इतके विरळ, की मधली कातडी ट्यूबलाइटच्या उजेडात चमकत होती. हा कोण आपल्या दुकानात, असं सिदूच्या मनात आलं. तेवढ्यात त्या माणसानं हातातली कात्री फणीवर दोनदा टकटकवली. ती सवय सिदूची होती.

"नीलम्मा, हिकडं ये जरा."

त्याची बायको भाकरी टाकून हात पुसत आली. ती अक्कलकोटकडची, घरात निम्मं कानडी बोलायची. तिनं मोबाइलमध्ये डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "तुमीच की हे."

"माझं केस असं कवापास्नं झालं?"

"दोन वर्सं झाली असतील."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तुमी सलूनवालं. तुमाला मी केसाचं काय सांगायचं?" ती परत तव्याकडं गेली.

सिदूला जेवण गेलं नाही. दोन वर्षं ही रोज बघत होती आणि गप्प होती, हे त्याला केसांपेक्षा जास्त लागलं. मग त्याला गुंडा आठवला. सलूनवाल्याला स्वतःचे केस स्वतः कापता येत नाहीत. महिन्यातल्या एका सोमवारी, दुकानं बंद असताना, सिदू गुंडाच्या सलूनमध्ये जायचा आणि दोघं एकमेकांचे केस कापायचे. नऊ वर्षं असं चाललं होतं. म्हणजे गुंडालाही ठाऊक होतं.

पुढच्या सोमवारी त्यानं गुंडाला विचारलं.

"मला वाटलं तुला म्हाईत हाय," गुंडा म्हणाला.

"मागनं आरसा दाखवायचास की कदी."

"तू कदी मागितलास का?"

ते खरं होतं. गिऱ्हाइकाला हातातल्या आरशात मागची बाजू दाखवायची ती काम पसंत पडलंय का विचारायला. हे दोघं एकमेकांना ते कशाला विचारतील? तरी घरी येताना सिदूच्या मनात आलं, की टाळू दिसणाऱ्या सलूनवाल्याची गिऱ्हाइकं दुसरीकडं जातात, आणि पेठेत जवळचं दुसरं दुकान गुंडाचंच आहे.

सिदू एक्केचाळीस वर्षांचा होता. अठरा वर्षांत त्याच्या हाताखालून हजारो डोकी गेली होती. कुणाचे केस कपाळावरून मागं सरकतात, कुणाचे टाळूवरून जातात, मोठ्या तापानंतर गळालेले केस आपोआप कसे परत येतात, हे त्यानं पाहिलं होतं. आरशाच्या खालच्या फळीवर पाच तऱ्हेची तेलं मांडलेली होती. त्या तेलांनी केस मऊ होतात, डोकं थंड वाटतं. टाळूवरून गेलेला केस तेलानं परत आलेला त्यानं एकदाही पाहिला नव्हता. पण कुणी विचारलं, की तो म्हणायचा, "लावून बघा." त्यामुळं आता त्याला कुणी काही लावून बघायला सांगितलं, की त्याला आपलाच आवाज ऐकू यायचा.

आणि सांगणारे भरपूर होते. कांद्याचा रस, मेथी, माळावरचा कसला पाला. एका गिऱ्हाइकानं भर दुकानात विचारलं, "सिदू, आमचं एवढं केस कापतोस, त्यातलं थोडं वर लावत का न्हाईस?" सगळे हसले, सिदूही हसला. दुसऱ्या दिवसापासून तो टोपी घालायला लागला. उन्हाळ्यात, पंख्याखाली, टोपी.

मेच्या सुरुवातीला सुबोध आला. पंचवीस-सव्वीसचा, इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. सात रस्त्याकडं केसांच्या उपचारांचं एक नवं सेंटर निघालं होतं, त्याचा माणूस. खुर्चीत तेव्हा अमृत बसला होता. अमृत अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे माग बिघडले की ते दुरुस्त करणारा. वय अठ्ठावीस. दर तिसऱ्या रविवारी सिदूकडं यायचा आणि त्याला अण्णा म्हणायचा. कपाळाच्या दोन्ही बाजूंनी त्याचे केस मागं गेले होते आणि लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं.

"तुमच्याकडं रोज किती लोक येतात, ज्यांचे केस चाललेत," सुबोध म्हणाला. "तुम्ही फक्त आमचं कार्ड द्यायचं. आणि तुमची स्वतःची ट्रीटमेंट आम्ही मोफत करू. तुमचे केस आले की लोक आपोआप विचारतील."

"मोफत का?"

"तुमचं डोकंच आमची जाहिरात."

"आन् न्हाय आले तर?"

"येतात. तुम्ही एकदा सेंटर बघायला या."

सुबोध कार्डं ठेवून गेला. अमृतनं आरशातून विचारलं, "अण्णा, जाऊ का मी?"

सिदू त्याच्या कानामागचे केस काढत होता. लक्ष निम्मं सुबोधच्या फाइलमध्ये काय असेल त्यात होतं. "जाऊन बघ," तो म्हणाला. फळीवरच्या तेलाबद्दल जसं म्हणायचा, अगदी तसंच.

सोमवारी तो स्वतः सेंटर बघायला गेला. दुसरा मजला, काचेचं दार, आत गारवा. पांढरा कोट घातलेल्या एका माणसानं त्याच्या टाळूवर पेनासारखं यंत्र टेकवलं आणि समोरच्या पडद्यावर सिदूचं डोकं मोठं होऊन आलं. खडकाळ माळावर कुठं कुठं गवत उगवावं तसे केस दिसत होते. कुणालाही बघून धक्का बसावा, म्हणूनच ते एवढं मोठं करून दाखवतात, असं सिदूला वाटलं.

"आठ सिटिंग," कोटवाला म्हणाला. "तुमच्याच रक्तातून काढून इथं सुईनं सोडायचं. सोबत हे सिरम."

बाटलीवर सेंटरच्या नावाचा कागद चिकटवलेला होता. आत काय आहे ते लिहिलेलं नव्हतं.

"ह्याच्यात काय असतं?"

"आमचा फॉर्म्युला आहे."

"तुमी डॉक्टर हाय का?"

"हेअर एक्स्पर्ट."

भिंतीवर फोटो होते, प्रत्येक माणसाचे दोन, आधीचा आणि नंतरचा. सिदू त्यांच्यासमोर बराच वेळ उभा राहिला. आधीच्या प्रत्येक फोटोत केस ओले होते आणि वरून झगझगीत उजेड होता. नंतरच्या फोटोत केस कोरडे, फुगवलेले, आणि मान जराशी वर. ओल्या केसांत दाट केसांचा माणूससुद्धा विरळ दिसतो, हे कुठल्याही सलूनवाल्याला ठाऊक असतं.

"ह्यातला एक माणूस माझ्या खुर्चीत आणून बसवा," तो सुबोधला म्हणाला. "मी हातानं बघतो. मग ठरवतो."

सुबोध हसला आणि आणतो म्हणाला. दोन आठवडे त्याचा पत्ता नव्हता. तेवढ्या काळात सिदूनं आणखी एक काम केलं. मास्तरांनी त्याला एका चामडीच्या डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं होतं, डॉक्टर इंद्रायणी. सिदू सोमवारी त्यांच्या दवाखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला आणि आत गेलेले लोक बाहेर येताना हातात काय घेऊन येतात ते बघत राहिला. बहुतेकांच्या हातात नुसती चिठ्ठी होती. एका बाईकडं तर तीही नव्हती. हे त्याला बरं वाटलं आणि खरंही वाटेना. औषध न देता बाईंचं चालतं कसं? दोन चहा पिऊन तो आत न जाताच परतला.

मेच्या शेवटी एका दुपारी सुबोध एका माणसाला घेऊन दुकानात आला. हा सयाजी, नातेपुत्याचा, सेंटरच्या भिंतीवरच्या फोटोंतल्या वरच्या रांगेतला. पस्तिशीचा, गडद काळे, भरपूर केस.

"बघा," सुबोध म्हणाला.

"बसा की," सिदू म्हणाला. "एवढं लांबनं आलाय, दाढी तरी नीट करून देतो."

"केसांना पाणी लावू नका," सुबोध घाईनं म्हणाला. "सकाळीच सिरम लावलंय."

खुर्चीत बसलेल्या माणसाला पाणी नको, असं सिदूनं अठरा वर्षांत ऐकलं नव्हतं. सुबोधला फोन आला आणि तो बोलत बोलत बाहेर, रस्त्यापलीकडच्या सावलीत गेला. सिदूनं सयाजीची दाढी केली. मग गरम पाण्यातून पिळलेला पांढरा टॉवेल त्याच्या तोंडावर ठेवला, गाल दाबले, कपाळ दाबलं आणि रोजच्या सवयीनं करावं तसा टॉवेल कपाळावरून वर, टाळूपर्यंत ओढत नेला.

टॉवेल काळा झाला. काजळासारखा नव्हे, तर बारीक चुऱ्यासारखा, जणू केसांचीच भुकटी. त्याखाली सयाजीची टाळू सिदूच्या टाळूपेक्षा मोकळी होती.

आरशात दोघांची नजर भेटली.

"बोलू नका मालक," सयाजी हळू आवाजात म्हणाला.

"कायच आलं न्हाय?"

"आटच्या आट सिटिंग केल्या, सुया टोचून घेतल्या. काय न्हाय आलं. भांडाय गेलो तर म्हनले, भांडता कशाला, आमच्याकडं या. आता म्हैन्यातनं चार दिस बशीनं येतो. सकाळी डोक्यावर ही पावडर टाकत्यात, वरनं फवारा मारत्यात. मग बसून ऱ्हायाचं, आलेल्या लोकांशी बोलायचं. पंख्याखाली बसायचं न्हाय, एवढंच."

"तुमाला काय वाटत न्हाय का?"

"वाटतं की." सयाजी आरशाखालच्या फळीकडं बघून म्हणाला, "तुमी बी तेल इकताच की, मालक."

सयाजीनं शर्टाच्या खिशातून एक छोटी डबी काढली आणि पुढं धरली. सिदूनं एकदा रस्त्याकडं पाहिलं. सुबोध पाठमोरा होता. सिदूनं डबी घेतली, टाळू कोरडी केली आणि मिठाच्या डबीनं शिंपडावं तशी पावडर शिंपडली. वरून फणीचं मागचं टोक फिरवलं. दोन मिनिटांत डोकं पुन्हा भरगच्च झालं. काम इतकं साफ झालं, की क्षणभर त्याला स्वतःच्या टोपीखालचं डोकं आठवलं. मग त्यानं डबी परत सयाजीच्या खिशात ठेवली.

"काय म्हणता मग?" सुबोध आत येत म्हणाला.

"बघितलं. माझं नाव कुटं घेऊ नका. कार्डं तेवढी घेऊन जा."

सुबोधनं त्याच्याकडं पाहिलं, सयाजीकडं पाहिलं आणि कार्डं उचलली. एक कार्ड कमी आहे हे त्याच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे. ते अमृतकडं होतं.

सिदूनं अमृतला फोन लावला. पाठीमागं मागांचा खडखडाट. अमृतला निम्मं ऐकू आलं नाही. "रविवारी येतो अण्णा," तो ओरडून म्हणाला आणि फोन ठेवला.

रविवारी तो आला तो खुशीत होता. तीन सिटिंग झाल्या होत्या. सिदूनं केसांतून फणी घातली आणि हात थांबला. कपाळाच्या वर, केसांच्या मुळाशी, कातडी लाल झाली होती. बारीक पुरळ होता. एका ठिकाणी खाजवून खपली धरलेली.

"हे कवापास्नं?"

"ते म्हनले, औषध लागू पडल्याची खूण हाय."

सिदूनं त्याला टॉवेलची, पावडरची, सयाजीची सगळी हकीकत सांगितली. अमृत ऐकत होता, पण त्याच्या कपाळाला आठ्या पडत गेल्या.

"तुमीच म्हनला न्हवता का, जाऊन बघ?"

"म्हनलो. चुकलं माझं."

"आन् आता न्हाय म्हनता. तुमाला फुकट करतो म्हनत होते, ते न्हाय केलं म्हनून व्हय?"

"मीच नगं म्हनलं."

"असं कोन म्हनतं, अण्णा?" अमृत उठला, अंगावरचं कापड त्यानं स्वतःच सोडलं. "माझं केस आले तर तुमच्याकडची तेलं कोन घेनार, असं असंल. मला काय म्हाईत."

तो गेला. सिदू खाली पडलेले केस झाडत राहिला. लोकांवर संशय घेण्यात त्याची हयात गेली होती. उलट कुणी आपल्यावर घेतला, की तो कसा असतो हे त्याला आज कळलं. पटवून द्यायला त्याच्याकडं काही नव्हतं. कॅमेऱ्यातलं चित्रण दोन दिवसांत पुसलं जायचं, आणि टॉवेल कधीच धुऊन वाळला होता. घरी जाऊन त्यानं नीलम्माला सांगितलं. ती म्हणाली, "त्याच्या जागी तुमी असता तर तुमी तरी कुटं ऐकला असता?"

बुधवारी सकाळी अमृत पुन्हा दारात उभा राहिला. डोक्याला रुमाल बांधलेला. रात्रपाळी करून तसाच आला होता. रुमाल सोडला तेव्हा सिदूला वास आला. पुरळ कानापर्यंत उतरला होता आणि त्यातून पाणी येत होतं.

"लई आग होतीय अण्णा," तो म्हणाला. "त्यांना फोन केला तर म्हनतात, पुढच्या सिटिंगला बघू."

सिदूनं खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची दाढी पुरी केली, बाकावर बसलेल्या दोघांना संध्याकाळी या म्हणून सांगितलं आणि शटर ओढलं. "ती बाटली घे संगं," तो अमृतला म्हणाला आणि गाडीवर बसवून त्याला डॉक्टर इंद्रायणींकडं घेऊन गेला.

बाईंनी अमृतची टाळू बघितली, बाटली उलटसुलट करून बघितली, उजेडात धरली.

"यात काय आहे ते मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही, कारण लिहिलेलं नाही. हे आजपासून बंद. आधी कातडी बरी करू या. केसांचं त्यानंतर."

"केस येतील का, मॅडम?" अमृतनं विचारलं. "माझं लगीन हाय."

"तुमचं लवकर सुरू झालंय. औषधानं गळती थांबेल, थोडे परतही येतील. पहिल्यासारखे होतील असं मी म्हणणार नाही."

सिदू मागं उभा होता. बाईंनी त्याच्याकडं पाहून विचारलं, "तुम्ही उन्हातून आत आलात तरी टोपी काढली नाही. तुमचंही बघायचंय का?"

त्यानं टोपी काढली. बाईंनी उजेडात त्याचं डोकं वाकवलं, केस बाजूला करून बघितले. सिदूनं आजवर हजारो माणसांची डोकी अशी वाकवली होती. आपलं कुणी वाकवलं, की मान कशी अवघडते हे त्याला नव्यानं समजलं.

"घराण्यातून आलंय हे."

"माझ्या बापाला मरस्तोवर दाट केस होतं."

"आईकडूनही येतं. मामा कसे आहेत?"

सिदूनं आठवून पाहिलं. "मामाच्या डोक्यावरची टोपी उतरलेली मी कदी बघितलीच न्हाय," तो म्हणाला. अमृत एवढ्या आगीतही हसला.

मग बाईंनी त्याला सगळं समजावून सांगितलं. एक लोशन असतं, टाळूवर रोज लावायचं. चार-सहा महिन्यांनी फरक दिसतो, सगळ्यांना सारखा नाही. सुरुवातीला महिना-दीड महिना केस उलट जास्त गळतात, तेव्हा घाबरायचं नाही. आणि बंद केलं की आलेले केस जातात, म्हणजे लावत राहावं लागतं. दुसरी गोळी आहे. ती जास्त चांगलं काम करते, पण थोड्या पुरुषांना बायकोजवळ जायची इच्छा कमी झाल्यासारखी वाटते. बहुतेकांचं गोळी थांबवली की ठीक होतं, तरी हे आधी ठाऊक असलेलं बरं. घरात कुणी गरोदर असेल तर तिनं त्या गोळीचा तुकडा हाताळायचा नाही. मागचे केस काढून पुढं लावण्याची शस्त्रक्रियाही असते, ती शिकलेल्या डॉक्टरकडूनच करून घ्यायची, आणि तिची तुम्हाला आज काहीच घाई नाही.

"आणि काहीच केलं नाही तरी चालतं," बाई म्हणाल्या. "हा आजार नाही. तब्येतीला काही होत नाही."

"असं सांगितलं तर पेशंट निघून जाईल की, मॅडम."

"जाऊ दे. बाहेर बाकावर किती जण बसलेत बघितलंत ना?"

सिदूनं बघितले होते. तरी त्याचं पूर्ण समाधान झालं नाही. दवाखान्याखालीच औषधाचं दुकान होतं. तिथं न थांबता तो भवानी पेठेतल्या ओळखीच्या दुकानात गेला आणि काउंटरवरच्या माणसाला चिठ्ठी दाखवून विचारलं, की हे कशाचं आहे, कोण कोण नेतं, आणि हेच दुसऱ्या कंपनीचं कमी भावात मिळतं का. त्यानं सगळ्याची उत्तरं दिली. ती बाईंच्या बोलण्याशी जुळत होती. लोशनवर त्यातलं औषध किती टक्के ते छापलेलं होतं, तारीख होती, बनवणाऱ्याचा पत्ता होता. सिदूनं ते सगळं दुकानात उभं राहूनच वाचून काढलं.

गोळीबद्दल तो नीलम्माशी बोलला. असल्या गोष्टी दोघं कधी मोठ्यानं बोलत नसत. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गोळी नगं. केसासाठी कशाला जिवाला घोर लावून घ्यायचा? ते लावायचं तेवढं लावा." त्यालाही तेच हवं होतं. गोळी घेतली असती तर रोज सकाळी तो स्वतःवरच संशय घेत बसला असता.

जूनमध्ये लोशन सुरू केलं. दुसऱ्या आठवड्यापासून केस गळायला लागले ते मूठमूठ. उशीवर, खांद्यावर, मोरीच्या जाळीत. बाईंनी आधीच सांगितलं होतं, तरी सिदूच्या मनानं घेतलं, की ही बाईपण सेंटरवाल्यांतलीच. एकदा तर त्यानं बाटली केराच्या डब्यात टाकली. नीलम्मानं ती काढून, पुसून परत फळीवर ठेवली आणि म्हणाली, "दीड म्हैना म्हनल्या होत्या की बाई. आज कितवा दिस हाय?" पस्तिसावा होता. त्यानं आणखी दहा दिवस दम धरायचं ठरवलं. नवव्या दिवशी उशी जवळजवळ मोकळी होती.

अमृतची कातडी तीन आठवड्यांत बरी झाली. बाईंच्या सांगण्यावरून त्यानं सरकारी औषध खात्याकडं बाटलीसकट एक तक्रारअर्ज लिहून दिला. त्याचं पुढं काय झालं ते अजून समजलेलं नाही. सेंटर चालू आहे. सयाजीचा फोटोही वरच्या रांगेत तसाच आहे, असं अमृतच्या कारखान्यातला एकजण सांगत होता. अमृतनं लग्नाआधी एकदा धीर करून पिंकीला, म्हणजे त्याच्या होणाऱ्या बायकोला, फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बघायला आला होता तवाच दिसलं की मला. तुमी सारखं कपाळावर हात का नेताय, एवढंच समजत न्हवतं." त्यानं डॉक्टरांचं औषध सुरू ठेवलं, पण लग्नात सिदूकडून केस अगदी बारीक करून घेतले. मागं सरकलेली कपाळाची रेघ त्यात फारशी कळत नव्हती. सिदूनं त्याला मागचा आरसा दाखवला. अमृत म्हणाला, "त्या दिशी लई बोललो, अण्णा." सिदू म्हणाला, "मी असतो तर जास्त बोललो असतो."

फळीवरची तेलं त्यानं काढली नाहीत. मात्र कुणी विचारलं, की सांगतो, "डोकं थंड वाटंल. केस येनार न्हाईत." चार बाटल्या खपायच्या तिथं आता एक खपते. परवा एका नव्या गिऱ्हाइकानं, बँकेतल्या कारकुनानं, केस गळतात म्हणून काय लावू असं विचारलं. सिदूनं त्याला डॉक्टर इंद्रायणींचा पत्ता सांगितला. कारकून आरशातून त्याच्याकडं बारकाईनं बघत म्हणाला, "ओळखीच्या दिसतात बाई तुमच्या." सिदूनं मान डोलावली आणि त्याच्या कानामागचे केस काढायला घेतले. बाकी काही पटवून देण्याच्या भानगडीत तो पडला नाही.

डिसेंबरच्या एका सोमवारी सकाळी सिदू मागच्या दारात उन्हाला पायरीवर बसला होता. नीलम्मा कपडे वाळत घालून आली. त्यानं डोकं पुढं वाकवलं.

"बघ जरा."

तिनं बोटांनी केस बाजूला केले, परत सारखे केले.

"खरं सांग," तो म्हणाला.

"मधी थोडं भरलंय. कडंला हाय तसंच हाय."

"थोडं म्हंजे?"

"थोडं म्हंजे थोडं. लई न्हाय."

सिदूनं डोकं वर केलं. तिच्या तोंडाकडं एकदा पाहिलं, मग अंगणातल्या उन्हाकडं. "बरं," तो म्हणाला आणि चहा टाकतेस का, असं विचारलं.